टबात ओतलेलं ताक

लातूर, मंगळवार, सांजच्याला

क्लासात मार्क कमी पडल्यापासून नात धड बोलत न्हाई. मी हितं तिला भाकरी करून घालायला आलेली, बोलू कुणाशी?

तिचा कढीपत्ता टबात हाय. तळाला पाणी साठतं, कडेच्या नळीतून भरायचं, झाड खालून पितं. गावाकडं कढीपत्त्याला ताक घालतो, म्हणून मी नळीतून तांब्याभर ओतलं. चार दिवसांत खोलीभर आंबूस वास.

आज तिनं नळीला नाक लावलं.

"आजी, ताक ओतलंस?"

"हाव. झाडाला चांगलं असतं."

"अगं, गावाकडं ते जमिनीत मुरतं. हितं तळाला नासून राहिलंय. आता कढीच कर त्याची."

आन् हसली. टब धुतानाही हसतच होती. दोन भाकरी खाल्ल्या.

झाड जगंल का? बघू. उद्या आणखी काय बिघडवावं, त्याच्या इचारात हाय.