आम्ही कुणीही तमाशात गेलेलो नाही

सांगली,
बुधवार, २२ मे १९७४

तीर्थस्वरूप जोतिबाराव दाजींच्या पायांवर डोकं ठेवून, आणि आपला राग उतरेपर्यंत ते वर न उचलता, धाकटा मेहुणा लालासाहेब हे लिहितो. इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत. तिकडे आपला गुडघा कसा आहे? करंजाच्या तेलानं उतार पडल्याचं अक्कानं मागच्या कार्डात लिहिलं होतं. (त्याच कार्डात असंही लिहिलं होतं की आपण खुर्चीतून उठताना अजून दोनदा देवाचं नाव घेता आणि एकदा डॉक्टरचं, पण डॉक्टरचं वेगळ्या सुरात.) उसाला पाणी पुरतंय ना? फलटणला या दिवसांत कातडं सोलणारं ऊन असतं, तेव्हा दुपारचं कारखान्यावर जाणं टाळावं, ही विनंती.

आपली तार काल सकाळी मिळाली. "लीला तमाशात? खुलासा करा." पोस्टमन जुना माणूस आहे, त्यानं ती आधी स्वतः वाचली, मग इथल्या शाळेच्या पटांगणात गाण्याच्या गुरुजींच्या समोर मला वाचून दाखवली, आणि मग काही उत्तर द्यायचंय का म्हणून बराच वेळ सायकल धरून उभा राहिला. दाजी, मी देवाशप्पथ सांगतो, लीला तमाशात गेलेली नाही. मीही गेलेलो नाही. लीलाची आई, आपली हरणाबाई, तर मुळीच नाही. हा सगळा घोटाळा आमच्या शेजारच्या धुळाचा आहे. रविवारी आपण ठरवलेले खंडाळ्याचे पाहुणे लीलाला बघायला आमच्या दारात आले, दाराला कुलूप होतं, आणि धुळानं त्यांना ताक पाजून जे सांगितलं ते असं: "समदं घर सांगलीला गाण्यात गेलंया. आदी पोरगी गेली, तिला आणाय बाप गेला, त्येला आणाय आई गेली. आता कुनीबी माघारी याचं न्हाई." यात खोटं काही नाही. पण खंडाळ्याच्या लोकांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि तिथून फलटणपर्यंत यायला त्या अर्थाला वेळ लागला नाही.

आता खुलासा. चैत्रात लीलानं माझ्यापुढं एक कागद सही करायला ठेवला. माझा चष्मा तेव्हा दांडी बसवायला कराडला दिला होता. कसला कागद म्हणून विचारलं तर ती म्हणाली शिबिराचा, आणि मला ऐकू आलं शिवणाचा. (पलटणीत पंधरा वर्षं तोफेच्या उजव्या अंगाला उभा राहिलेल्या माणसाचा उजवा कान कसा असणार?) पोर मॅट्रिक झाली, लग्नाआधी चार ब्लाऊज शिवायला शिकते, चांगलं आहे, असं म्हणून मी सही केली. हरणाबाईला खरं माहीत होतं. पण तिला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची तिला सवय नाही. मे लागला, लीला सांगलीला गेली, आणि आपलं पत्र आलं की एकोणीस तारखेला पाहुणे येतायत, मुलगा साखर कारखान्यात आहे, घर चांगलं आहे. तेव्हा कुठं हरणाबाईला विचारून मला कळलं की आपली मुलगी गाण्याच्या चाली बांधायला गेली आहे.

गेल्या बुधवारी मी तिला आणायला निघालो. रेल्वेचा संप, त्यामुळे सगळं जग एस.टी.त बसलेलं. कराडपासून इस्लामपूरपर्यंत मी एका पायावर आलो आणि दुसरा पाय कुणाच्या तरी आंब्याच्या करंडीत होता. सांगलीत पोचलो तो मनाशी दोन कडक वाक्यं तयार करून. शाळेला सुट्टी, वर्ग रिकामे, एका मोठ्या खोलीत बावीस पोरंपोरी सतरंजीवर बसलेली आणि पेटीपाशी सुकुमार गुरुजी. हे गुरुजी जैन आहेत, अंगानं काडी, आवाज इतका मऊ की माझ्या दोन कडक वाक्यांना टेकायला जागाच मिळेना. मी म्हटलं, पोरीला न्यायला आलोय. ते म्हणाले, जरूर न्या, पण त्या खोलीत बसणाऱ्यानं एक तरी चाल बांधल्याशिवाय उठायचं नाही असा नियम आहे, आणि आपण तर बसलात. खरंच बसलो होतो. पाय दुखत होते.

तिथली रीत सांगतो म्हणजे पुढचं समजेल. पुस्तकातली गाणी घ्यायची नाहीत, कारण त्या शब्दांना कुणाची तरी चाल आधीच चिकटलेली असते. घरातले शब्द आणायचे, कुठलेही, आणि त्यांना नवी चाल लावायची. एका पोरानं वाण्याची यादी आणली होती. आटपाडीच्या एका पोरीनं एस.टी.चं वेळापत्रक घेतलं होतं, आणि मिरज-आटपाडी गाडीपुढच्या 'रद्द' या शब्दावर ती असा काही हेलकावा घ्यायची की आपलाच कुणी गाडीत राहिला असं वाटावं. चाल रेडिओवरच्या एखाद्या गाण्यासारखी झाली की गुरुजी रागवत नाहीत, नुसता पेटीचा भाता बंद करतात. सूर मेला की पोरानं समजायचं.

मला वाटलं, चाल काय, लावून टाकू आणि संध्याकाळच्या गाडीनं निघू. मी शब्द घेतले ते आमच्या पिठाच्या गिरणीवरच्या पाटीचे: उधारी बंद आहे, दळण झाकून आणावे. गुरुवारी सकाळपर्यंत डोक्यात झकास चाल बसली. उभा राहून छाती काढून म्हटली. सगळे गप्प ऐकत होते, मला वाटलं जिंकलं. तेवढ्यात मागच्या रांगेतलं एक पोरगं उठलं आणि कोपऱ्यातलं ताट-वाटी घेऊन दाराकडं चालू लागलं. त्याचा बाप पलटणीत आहे, लहानपण छावणीत गेलेलं. मी बांधलेली चाल म्हणजे जेवणाचा बिगुल होता, दाजी, सुरासकट जशाच्या तसा. पंधरा वर्षं दिवसातून दोनदा ऐकलेला, कानात बसला होता, तो बाहेर आला. गुरुजींनी भाता बंद केला नाही, कारण हसून त्यांचाच भाता हलत होता.

इथं मी निघायला हवं होतं. पण बावीस पोरांसमोर जेवणाचा बिगुल वाजवून परत जाणं माझ्या मनाला पटेना. एक तरी चाल माझी स्वतःची झाली पाहिजे, मग जाईन, असं म्हणून शुक्रवारही काढला. (उपासमार वेगळीच. आक्काताई म्हणून बाई, त्याही जैन, तिथं स्वयंपाक करतात, हाताला चव आहे, पण दिवे लागायच्या आत सगळ्यांना जेवायला घालून त्या चूल सारवून टाकतात. आठ वाजता मला पुन्हा भूक लागे आणि मी वेळापत्रकवालीनं दिलेल्या शेंगा खात पडून राही.) लीला खिडकीपाशी वही घेऊन बसायची, सा रे ग लिहायची, खोडायची. तिचे शब्द कुठले हे मला ती सांगत नव्हती. रविवारी पाहुणे आहेत एवढं मी तिला दोनदा सांगितलं, दोन्हीदा ती व्हय म्हणाली.

शनिवारी दुपारी हरणाबाई आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, कपाळावर आठी. घर सारवून, पाहुण्यांसाठी रवा भाजून ठेवून, नवऱ्याला आणि पोरीला न्यायला आलेली. रविवारी पहाटेची गाडी धरायची असं आमचं ठरलं. मग गुरुजी म्हणाले, निघण्याआधी लीलाची चाल तेवढी ऐका. जेवणं झाली होती, उन्हं उतरली होती, पटांगणात सतरंजी टाकली.

दाजी, तिनं माझं पत्र गायलं.

मी नेफाच्या सरहद्दीवर असताना, त्रेसष्ट साली, आमच्या आईच्या नावानं टाकलेलं कार्ड. हरणाबाईच्या ट्रंकेत होतं म्हणे. आपण ते वाचलंही असेल, त्यात गाण्यासारखं काही नाही. इकडे सर्व ठीक. थंडी फार आहे. मोजे मिळाले. म्हैस व्याली का, कळवणे. लीलाचे दुधाचे दात पडले का, कळवणे. एवढंच. मोजे मिळाले इथपर्यंत तिची चाल अगदी खाली, माणूस तोंडातल्या तोंडात बोलतो तशी. आणि 'कळवणे' आलं की तिचा आवाज वर चढायचा आणि तिथंच थांबायचा. खाली यायचाच नाही. ती वाट बघत उभी आहे असं वाटायचं. कार्ड लिहिलं तेव्हा शाई गोठलेली, बोटं वाकत नव्हती, आणि आपण मनातलं काहीच लिहिलं नाही असं मला अकरा वर्षं वाटत होतं. या पोरीला ते सगळं त्यात दिसलं. म्हशीचं नाव गाण्यात नको होतं, असं मी मोठ्यानं म्हणालो, आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

परत आलो तर हरणाबाई तशीच बसलेली. मला वाटलं तिलाही भरून आलंय. ती म्हणाली, "म्हशीचं इचारलंसा. पोरीच्या दातांचं इचारलंसा. माझं कुटं हाय ह्यात?" दाजी, आईच्या नावानं जाणाऱ्या कार्डात बायकोची चौकशी करायची आपल्यात पद्धत नव्हती, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण ते बावीस पोरांसमोर समजावून सांगायला गेलो तर पोरंसुद्धा माझ्याकडं वाईट नजरेनं बघायला लागली. गुरुजी म्हणाले, अंतरा कमी पडतोय खरा. आपणच लिहा, चालही आपणच बांधा, म्हणजे नियमही पुरा होईल.

अशी आमची पहाटेची गाडी चुकली. पाहुण्यांना थांबवायला मी रविवारी तारघर उघडताच तार केली. ती केली आमच्याच घरच्या पत्त्यावर, आणि जी ती वाचून निरोप सांगणार ती हरणाबाई माझ्याशेजारी उभी राहून मला पैसे मोजून देत होती, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. धुळानं ती तार जपून आमच्या कडीला अडकवून ठेवली आहे, असं कळतं.

सोमवारी शिबिराचा शेवटचा कार्यक्रम झाला. गावातले शंभरेक लोक आले होते. लीलानं कार्ड गायलं, आणि शेवटी मी उठून माझी एक ओळ म्हटली: घरच्या मंडळींनी एक अक्षर टाकावे, येथे वाट पाहतो. चाल साधीच आहे. कुठल्याच बिगुलाची नाही, गुरुजींनी खात्री करून घेतली. लोकांनी टाळ्या दिल्या. हरणाबाईनं दिल्या नाहीत. ती जवळ आली, माझ्या सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि हळूच म्हणाली, "अकरा वर्सं लागली ह्या पत्राला." मग आक्काताईंना हात लावू न देता तिनं चूल पुन्हा पेटवली आणि सूर्य मावळून गेलेला असताना मला गरम भाकरी करून घातली. आक्काताईंनी ती नंतर पुन्हा सारवली.

लीलाचं म्हणणं आपल्या कानावर घालतो. गुरुजी तिला दोन वर्षं शिकवायला तयार आहेत, आक्काताईंच्या शेजारी खोली मिळेल. मी तिला विचारलं, पाहुण्यांना काय सांगू? ती म्हणाली, "आबा, न्हाई म्हनू नगा. थांबा म्हना. थांबत असतील तर बघू." मला यात वावगं काही दिसत नाही. खंडाळ्याला आपला शब्द चालतो. तेव्हा आपण जाऊन एवढं सांगावं, आणि तमाशाचा विषय मिटवावा. हरणाबाईनं आतापर्यंत दोन खोल्या नापसंत केल्या आहेत, तिसरी पटली की शुक्रवारी आम्ही दोघं गावी पोचतो. अक्काला नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
लालासाहेब

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. सोमवारी टाळ्या पडल्यावर मला चार शब्द बोलायला सांगितलं, आणि मी भरात येऊन जाहीर केलं की पुढच्या उन्हाळ्याचं शिबिर फलटणला आपल्या माडीवर होईल. बारा दिवस. बावीस पोरं, गुरुजी, आक्काताई. लोकांनी पुन्हा टाळ्या दिल्या आणि गुरुजींनी ते वहीत टिपून घेतलं.

ता. क. २. अक्काला याच टपालानं वेगळं कार्ड टाकलं आहे. त्यात फक्त वरचा ता. क. आहे. तिचं कार्ड आधी पोचलं तर आपण चकित झाल्यासारखं दाखवू नये.

ता. क. ३. फलटणच्या उद्घाटनासाठी लीलानं स्वागतगीताची चाल आजच बांधली, फार गोड झाली आहे, शब्द मात्र आपण लिहायचे. पहिल्या ओळीत बरोबर आठ अक्षरं बसतात. अडलंच तर मी मोजून पाहिलं आहे: जोतिबाराव भोईटे.