पॅसेजमधला फोन

१४ मार्च
मंगळवार, दुपार

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या मेहुण्यांचा गुडघा दुखतो, पण पायापेक्षा त्यांचं तोंड जास्त चालतं, म्हणजे तब्येत उत्तम आहे. गॅलरीतलं लिंबाचं झाड यंदा फुललं. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस.

पत्राची सुरुवात समोरच्याच्या क्षेमकुशलाने करावी, असं आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं होतं, म्हणून एवढं लिहिलं. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र एक रात्र उशाखाली ठेवावं आणि सकाळी पुन्हा वाचावं, असंही त्या सांगायच्या. मी पहिली दोन पत्रं ठेवली, वाचली आणि फाडली. हे तिसरं. राग निवेल म्हणून वाट बघितली, पण तो मुरतच चालला आहे.

तू आईचा फोन कापलास.

मला विचारलं नाहीस. मेसेज पाठवलास. ‘ताई, लँडलाईन सरेंडर केली. जगभर बंद होतायत. आईला स्मार्टफोन घेतलाय, व्हिडिओवर बोलत जा.’ आणि खाली एक पिवळा हसरा चेहरा. त्या चेहऱ्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली मला.

जगभर बंद होतायत हे मला माहीत आहे रे. मी राहते तिथे भिंतीतल्या फोनच्या खोबण्यासुद्धा बुजवून वर रंग मारला. कुठल्या कुठल्या देशांत म्हणे तार काढण्याआधी घरात कुणी म्हातारं माणूस आहे का, हे विचारावं लागतं. आणि कुठे लोक अर्ज करून वर्षानुवर्षं बसले, तोवर त्यांच्या पोरांच्या खिशात मोबाईल आले. तुझं जग तुला लखलाभ. मी पॅसेजमधल्या एका तिपाईवरच्या एका फोनबद्दल बोलते आहे.

तुझा तो नवा फोन मी पाहिला. आईजवळ दिवसभर असतात त्या मावशी तो तिच्या तोंडासमोर धरतात. (बिचाऱ्या मावशी, आईला सांभाळता सांभाळता आता आपल्या दोघांनाही सांभाळतात.) पडद्यावर मला आईचं अर्धं कपाळ आणि पंखा दिसतो. आई बघते ती फोनच्या मागे, भिंतीकडे. तिची कोरडी बोटं त्या काचेला कळतच नाहीत. मी “आई, आई” करून ओरडते आणि ती घरात कुणीतरी अनोळखी बाई शिरल्यासारखी मान फिरवते. मग मावशी म्हणतात, “ताई, त्यांना झोप आलीय बहुतेक.” खोटं बोलतात, मला बरं वाटावं म्हणून.

अर्धांगाच्या झटक्यानंतर आईची वाचा गेली ती गेलीच, असं डॉक्टर म्हणाले होते. ती चित्रांचे पत्ते घेऊन येणारी मुलगी आठवते? कंगव्याचं चित्र दाखवून “आजी, हे काय?” विचारायची, आणि आई तिच्याकडे अशी बघायची, जणू कंगवा माहीत नसलेली मुलगी ती पहिल्यांदाच बघते आहे. एक शब्द नाही. मीसुद्धा आशा सोडली होती. मी फोन करायचे तो मावशींशी बोलायला.

आणि एका दुपारी मावशी कपडे वाळत घालायला गेल्या होत्या, तेव्हा आईने फोन उचलला.

“एक्स्चेंज. नंबर सांगा.”

आई बोलली, ठोंब्या. तोच आवाज. जरा घासलेला, पण तोच. टेलिफोन एक्स्चेंजमधून ड्यूटी करून यायची तेव्हा हेडसेटच्या पट्टीने तिच्या केसांत खळगा पडलेला असायचा. तू मांडीवर चढून त्या खळग्यात बोट फिरवायचास आणि म्हणायचास, “हॅलो, इथे कोण राहतं?” ती म्हणायची, “इथे सगळं गाव राहतं, पण तुला कुणाचं काही सांगणार नाही.” आठवतं की तेही सरेंडर केलंस?

तेव्हापासून मी रोज दुपारी फोन करायचे. तू म्हणालास, “ताई, तू आईला खेळवतेस. चेष्टा वाटते का तुला?” चेष्टा? साठी उलटलेली बाई रोज दुपारी ताटावरून उठून चेष्टा करायला बसते का? नाव, गाव, दिवस, वार, सगळं तिच्या हातून निसटलं, पण काम नाही निसटलं. रिसीव्हरचं वजन हातात आलं, कानात जुन्या तारेचा तो घूंऽऽ आला, की ती ड्यूटीवर हजर व्हायची. मी नंबर मागायचे. ती म्हणायची, “थांबा, जोडते.” मग जरा वेळाने, “बोला.”

आणि मी बोलायचे. लिंबाचं झाड, गुडघा, नात कशी हसते. भडाभडा सगळं. मला वाटायचं ती ऐकते आहे. तुला आणि सगळ्यांना मी तसंच सांगितलं, की ती माझा आवाज ओळखते, म्हणून बोलते.

ते खरं नव्हतं.

मावशींनी एकदा सहज सांगितलं. “बोला” म्हटलं की आई रिसीव्हर कानाला ठेवतच नाही. हळूच तिपाईवर आडवा ठेवते आणि हात मांडीवर घेऊन बसते, कॉल संपेपर्यंत. कारण जोडून दिलं की ऑपरेटरने ऐकायचं नसतं. दुसऱ्याच्या बोलण्यात कान घालणाऱ्या पोरींना ती कशी बोलायची, आठव. तर मी इतके दिवस माझं सगळं मनोगत पॅसेजच्या भिंतीला सांगत होते. माझ्यासाठी ती आई होती, तिच्यासाठी मी रोज त्याच वेळी कॉल लावणारी कुणीतरी गिऱ्हाईक. एकदा तर म्हणाली, “बाई, तुमचं रोजचं असतं हो.” त्या दिवशी मी रडले. नंतर हसूही आलं. तरी दुसऱ्या दिवशी परत लावला. तिला माझी ओळख नसली म्हणून काय झालं? तिला तिची स्वतःची तर होती!

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

एक दिवस मी कुणाचा नंबर मागावा या विचारात होते आणि तोंडून तुझं नाव गेलं. ती म्हणाली, “थांबा, जोडते.” मी थांबले. बराच वेळ गेला. मग म्हणाली, “बाई, घंटी वाजतेय, पण उचलत नाहीत.”

“परत बघता का?” मी म्हटलं.

“बघते. पण ते घरीच असतात हो. उचलत नाहीत.”

ठोंब्या, हे तिला कुणी सांगितलं? तू पॅसेजमधून येतोस, मावशींना विचारतोस, “जेवली का? गोळ्या दिल्या का?” आणि खोलीत जातोस. तिच्या खुर्चीजवळून जाताना चप्पलसुद्धा हळू वाजवतोस, ती मान वर करेल म्हणून. सगळं तिच्या देखत, आणि तिच्याशी एक शब्द नाही. मला मावशी सांगतात. चुगली म्हणून नाही, त्यांना वाईट वाटतं म्हणून.

आणि मग मागल्या महिन्यातला तो शनिवार. आई “नंबर सांगा” म्हणाली आणि तेवढ्यात तिचा आवाज एकदम बारीक झाला. त्या लाईनवर असा आवाज कधी पडायचा ते आपण लहानपणापासून ओळखतो. तुझ्या खोलीतला, त्याच लाईनवरचा दुसरा फोन कुणीतरी उचलला होता. मग घसा साफ केल्याचा आवाज. बाबा करायचे तसा, दोनदा. तुझी बायको असा घसा साफ करत नाही.

तू ऐकत होतास, मला कळलं होतं. कळल्यावर मी मुद्दाम तुझं नाव सांगितलं. होय, मुद्दाम. त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

ती म्हणाली, “थांबा, जोडते.” मग तेच. घंटी वाजतेय. उचलत नाहीत.

अरे, तुझ्या हातात रिसीव्हर होता! मधे एक भिंत होती. ती तुला शोधत होती, तुझ्या कानात तुझा नंबर लावत होती. तुला फक्त “हॅलो” म्हणायचं होतं. मी इकडे वाट बघत होते. म्हणेल. आता म्हणेल. शेवटी आईने विचारलं, “बाई, ठेवू का?” आणि तू तिच्या आधी ठेवलास. खट्ट.

सोमवारी तू लाईन बंद करायला गेलास.

वायर खराब झाली होती, बिल फुकट जात होतं, जग पुढे गेलं, ही कारणं तू बायकोला सांग, ऑफिसात सांग. मला सांगू नकोस. ते वाक्य तुला पुन्हा ऐकायचं नव्हतं, म्हणून तू ते बोलणाऱ्या बाईची जीभच काढून घेतलीस. झटक्याने एकदा घेतली होती, तू दुसऱ्यांदा.

लाईन तुटली त्या दुपारी काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. वेळ झाली तशी आई तिपाईशी जाऊन बसली. रिसीव्हर उचलला, कानाला लावला. त्यात काहीच नव्हतं. मावशींना तिची दया आली, त्या मागून हळूच म्हणाल्या, “हॅलो, एक नंबर हवा होता.” पण ती कसली फसते? तिने रिसीव्हर बघितला, वायर हाताने चाचपली आणि म्हणाली, “लाईन डेड आहे. तक्रार नोंदवा.”

त्यानंतर ती बोललेली नाही.

म्हणून मी तक्रार नोंदवते आहे. तुझ्याकडे, कारण बाबांच्या मागे कनेक्शन तुझ्या नावावर झालं आणि माझ्या सहीला तिथे काही किंमत नाही. मी मावशींच्या ओळखीच्या लाईनमनशी बोलले. तो म्हणाला, तुमच्या गल्लीतली जुनी तार अजून खांबावर आहे, महिनाअखेर उतरवणार. त्याआधी ज्याच्या नावावर होतं त्याने स्वतः जाऊन मागितलं, तर जोडून देतील. एकदा उतरवली की मग डबा मिळेल, इंटरनेटचा. डब्यात तो घूंऽऽ नसतो. तिला कळेल.

तू जा. रजा काढ. काउंटरवरचा माणूस हसेल, म्हणेल, “अहो, आता हे कोण घेतं?” हसू दे. चिडू नकोस, तुझं नाक लगेच लाल होतं. आईच्या आजाराचं रडगाणं गाऊ नकोस, तिला ते आवडणार नाही. तिने तिथे अख्खी नोकरी काढली आहे, एवढंच सांग. तुला तिच्यासमोर बसवत नाही, हे मी समजू शकते. तू दुष्ट नाहीस, भित्रा आहेस, आणि लहानपणी तुझा हात धरून मीच तुला डॉक्टरकडे न्यायचे, तेव्हा मला नवीन नाही. पण आता तुझा हात धरायला मी तिथे नाही, आणि महिनाअखेर थांबणार नाही.

तिला बरं कर असं मी म्हणत नाही. ते आपल्या कुणाच्या हातात नाही. तिला फक्त कामावर परत येऊ दे.

लाईन सुरू झाल्याचं मला मेसेजने कळवू नकोस. मी रोज दुपारी लावून बघते आहे, लागला की कळेलच.

चिडलेली, आणि फोनपाशी बसलेली,
तुझी ताई