गाभण मेंढीला मूठभर पेंड

तीर्थस्वरूप मामांस कमळाकरचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला कसा आहे? इकडे सगळं ठीक असल्याचं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं तर मी अंबरनाथच्या एका प्रसूतिगृहाबाहेर बाकावर बसलो आहे. आपल्या स्वप्नालीला, माझ्या लेकीला, बाळंतपणासाठी पहाटे इथे आणलं. वेळ लागेल, पण काळजीचं कारण नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. (हे त्या दर तासाला म्हणतात, त्यामुळे मला काळजी वाटायला लागली आहे.) मी अकराव्यांदा आत डोकावलो तेव्हा तुमच्या भाचेसुनेने, कुंदाने, हातात वही दिली आणि मामांना पत्र लिहा, पण बायकांच्यात येऊ नका, असं बजावलं. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल करत नाही.

तर तुमच्या मेंढीबद्दल. २००६ साली आनंदनगरच्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतो आहे, म्हणून यंदा तुम्ही फलटणहून टेम्पोत घालून ही गाभण मेंढी पाठवलीत. (इतरांचे मामा टीव्ही पाठवतात.) बारवी धरणाकडच्या चंदूकडून मी सुक्या गवताचे भारे आणले. मेंढी दिवसभर खायची आणि तरी वाळत चालली. पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. तुम्ही कळवलंत की नुसत्या सुक्या गवतात प्रथिनं फार कमी, पोटातलं कोकरू त्यावर वाढायचं नाही, तेव्हा शेंगदाणा पेंड चालू कर, मूठभरापासून, हळूहळू वाढव. मी उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "काका, जिमवाला पावडर भी है, बॉडी बनेगी." मी पेंडच घेतली. एवढी अक्कल मला आहे.

हळूहळू मात्र मला कधी जमलेलं नाही. गेल्या रविवारी स्वप्नालीचं डोहाळजेवण होतं. (सातव्यात राहून गेलं, म्हणून नवव्यात.) आळीतल्या बायकांचं म्हणणं पडलं की एका गर्भारणीची हौस चालली असताना दारातली दुसरी उपाशी ठेवू नये. झालं, मेंढीला कुंकू लावलं, पाठीवर हिरवा खण घातला, चार पुरणपोळ्या चारल्या. मग मलाही चेव आला आणि मी पंधरा दिवसांची पेंड एका घमेल्यात तिच्यापुढे ओतली. तिने ती संपवली. संध्याकाळी तिची डावी कूस ढोलासारखी फुगली आणि ती पाय झाडू लागली.

चंदूला बोलावलं. त्याने गोडेतेल पाजलं आणि म्हणाला, "काका, हिला बसू देऊ नका, सारखी चालवत रहा." मी तिला शिवमंदिराच्या रस्त्यावर नेलं, वर आणि खाली, वर आणि खाली. पाठीवरचा खण काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. हारवाल्याने विचारलं, "काका, नवसाची का?" मी म्हटलं, पोटफुगीची. मामा, मी शकुन-अपशकुन मानत नाही, पण त्या फेऱ्यांत मला एकच भीती होती, की हिला काही झालं तर पुढल्या आठवड्यात स्वप्नालीचं कसं होईल. शेवटी रात्री मेंढीने एवढा मोठा ढेकर दिला की मी रस्त्यातच तिच्या गळ्यात पडलो. आता मोजून मूठभरच देतो आणि ती भरते आहे.

पण ही जोखीम मला झेपत नाही. दोन-दोन बाळंतपणं एका माणसाने किती सोसायची? तेव्हा कृपा करून तुमची मेंढी घेऊन जा.

तुमचा भाचा,
कमळाकर

ता. क. मुलगी झाली. पावणेतीन किलो. स्वप्नाली दमली आहे, पण हसते आहे. मी रडलो. हे मामींना सांगू नका.

आणखी एक ता. क. मेंढी न्यायचं वर लिहिलं आहे ते रद्द समजावं. सव्वा महिन्याने स्वप्नाली बाळाला घेऊन सासरी जाईल. वाढीला, म्हणजे सांभाळायला, दिलेल्या जनावराचं पहिलं पिल्लू देणाऱ्याचं, ही रीत मला ठाऊक आहे. तरी यंदा कोकरू मागू नका, मामा. नात पाठवून लगेच कोकरूही पाठवायचं मला जमणार नाही.