भुंग्याची शेपटी

सोमवार, ४
भुंग्याने आज शेपटी चावून रक्त काढलं! चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू ते. आधी शेपटीमागे गरागरा फिरायचा, आम्ही हसायचो — म्हणून तर नाव भुंगा. आता टोकाचे केस गेलेत, कातडं लालभडक.

मंगळवार, ५
दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी पिसवा शोधल्या, शेपटीचं हाड चाचपलं. काही नाही. पट्टी बांधली, तोंड शेपटीपर्यंत पोचू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर. म्हणाल्या, "घाबरलेली पिल्लं असं करतात. दिवसभर घरी कोण असतं?"

सासरे असतात! मी चष्म्याच्या दुकानात, नवरा गोदामात. "कुत्रं आणलंत तर मी ढुंकूनही बघणार नाही" — हे त्यांचेच शब्द.

मनात पाल चुकचुकली.

गुरुवार, ७
संध्याकाळी आले तर कॉलर काढलेली.

"बाबा, कॉलर?"

"पाणी पिता येईना त्याला." बस्स. परत पेपरात डोकं. आणि एरवी दाराशी असणारी काठी आज भुंग्याच्या टोपलीपाशी!

नवऱ्याला सांगितलं. तो उखडला — "माझ्या बापावर आळ घेतेस?" मीही ऐकून घेतलं नाही. तासभर जुंपली. सकाळपर्यंत तरी घरात कोणी कोणाशी बोलणार नाही.

शुक्रवार, ८
पट्टी फाडलेली. पुन्हा रक्त. चहा घेताना बाबा माझी नजर चुकवत होते. चोराच्या मनात चांदणं!

शनिवार, ९
डोकं दुखतंय सांगून दुपारीच दुकानातून निघाले. किल्ली हळूच फिरवली. आत बाबांचा आवाज — "हलू नकोस रे, झालं."

भुंगा त्यांच्या मांडीवर पसरलेला. बाबा जुन्या मोज्याचं टोक कापून त्याच्या शेपटीवर चढवत होते. काठीला चिंधी बांधलेली, त्याला खेळायला. मी दारातच थिजले.

"दिवसा नाही चावत तो," बाबा वर न बघता म्हणाले.

"मग?"

त्यांनी मोजा नीट ओढून बसवला. "तुमचं दोघांचं सुरू झालं की कपाटामागे शिरतो. परवा तू कप आपटलास ना, तेव्हा रक्त आलं."

गुरुवारी कप आपटल्याचं मी इथे लिहिलंच नव्हतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? मी कानातलं यंत्र काढून ठेवतो. त्याला बिचाऱ्याला कान मिटता येत नाहीत."

त्यांच्याकडे बघायचीही लाज वाटली.

रविवार, १०
नवऱ्याला सगळं सांगितलं, शांतपणे. "आता कुत्र्याला विचारून संसार करायचा?" म्हणाला. माझाही आवाज चढलाच! भुंगा कपाटाकडे पळाला. वाक्य अर्धं टाकून मी त्याला उचललं, बाबांच्या खोलीत नेऊन दार लावलं. आम्ही तिघं तिथेच बसलो. बाहेर नवरा बराच वेळ एकटाच बोलत होता.

बुधवार, २०
आठवडा झाला, नवरा मित्राकडे राहतोय. दोघांनी मिळूनच ठरवलं. जाताना म्हणाला, "चला बाबा." बाबा म्हणाले, "तू हो पुढे. मी इथे बरा आहे."