सोनं कळकत नसतं, ताई

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
बुधवार (ऑफिसला दांडी मारून)

ती. विजयाताईस,

धाकट्या मुरलीधरचा साष्टांग नमस्कार. (कंबरेत उसण भरल्यामुळे तो खुर्चीत बसून मनातल्या मनात घातला आहे, पण आठही अंगं मोजून.) तब्येत कशी आहे? गुडघे दुखतात म्हणून रसिकाच्या लग्नाला जमणार नाही, हा तुझा दोन ओळींचा मेसेज मिळाला. अगं, गेल्या आठवड्यापर्यंत हेच गुडघे मिरजेहून निघायला पिशवी भरून बसले होते! नीलाच्या फोननंतरच ते कसे काय बिघडले, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून पत्र लिहितो. फोन तू ठेवून देतेस, पत्र मात्र पुरतं वाचल्याशिवाय ठेवायची नाहीस.

तर ते सोन्याचं नाणं. आमच्या लेकीच्या बारशाला दोन उन्हाळे शिकवण्या घेऊन तू आणलेलं. लग्नात त्याचं पदक करून गळ्यात घालायचं, असा रसिकाचा हट्ट. "आत्याचं नाणं म्हणजे आत्याचं नाणं, बाबा." म्हणून बाहेर काढलं, तर काय सांगू! कडा तपकिरी, मध्ये लालसर ठिपके, आणि लक्ष्मीच्या गालावर चक्क वांग. नीला म्हणाली, "अगंबाई, हे तर कळकलं!" रसिका (दिल्लीत वाढलेलं रत्न) म्हणाली, "कळकलं मतलब?" मग पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की काय होतं, यावर आमचा अर्धा तास गेला. सगळं ऐकून ती विचारते, "पण मग ताक खराब होतं ना? भांडं कुठे होतं?" इंजिनीअर करून ठेवली, भोगतोय.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सरलाभाभी चहाला आल्या. त्यांनी नाणं उलटंपालटं करून सांगितलं, "भाईसाहब, असली सोना कभी काला नहीं पड़ता." आणि बिस्किटं संपवून निघून गेल्या. त्यानंतर नीलाने तुला फोन केला आणि विचारलं, "वन्सं, नाणं कुठल्या सराफाकडचं हो?" तू म्हणालीस, "पावती शोधते," आणि फोन ठेवलास. ताई, त्या बिचारीच्या मनात काही नव्हतं. सरळ बाई आहे ती.

शेवटी मी मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या सराफाकडे गेलो. त्याने नाणं हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "ये हींग में रखा था क्या?" मी म्हटलं, हो. (हिंगाच्या डबीत ते कुणी ठेवलं, या तपशिलात आत्ता शिरायला नको. त्या वर्षी क्वार्टर्समध्ये चोऱ्या होत होत्या, आणि रिकाम्या हिंगाच्या डबीला चोर हिंग लावूनसुद्धा विचारणार नाही, असा त्यामागे विचार होता.) नाणं प्लॅस्टिकच्या पुडीत, पुडीला रबर बँडचे दोन वेढे. हे ऐकून त्याने कपाळावर हात मारला. नाणं यंत्राखाली धरलं. बावीस कॅरेट, तसूभर कमी नाही. "सोना काला नहीं हुआ जी, उसमें मिला हुआ तांबा काला हुआ है."

मग त्याने मला शाळेतल्या पोरासारखं समोर बसवून समजावलं. सोनं जात्याच तुसडं, सहसा कुणाशी सलगी करत नाही. पण बावीस कॅरेटमध्ये बारा भागांतला एक भाग तांबं-चांदीचा असतो, आणि ही मंडळी पडेल त्याच्या नादी लागतात. हिंगात गंधक, रबरात गंधक, डबीत जाण्याआधी दर लक्ष्मीपूजनाला आम्ही लावलेल्या बोटांचा घाम, आणि पुडीत कोंडलेला दमटपणा. डाग वरवरचा आहे, आपण तो घासायचा नाही, नाणं कडेने धरायचं आणि कोरड्या डबीत ठेवायचं. अगदी चोख चोवीस कॅरेटवरही म्हणे कधीकधी असा लाल ठिपका उमटतो. ते सगळं ऐकताना मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटली ती लाज. तू त्या दोन उन्हाळ्यांत पायात चप्पलसुद्धा नवी घेतली नव्हतीस.

तर असा हा रसायनशास्त्राचा प्रकार आहे. घरी सर्व क्षेम. गुडघ्यांना जपावे.

तुझा,
मुरली

ता. क. : डबीत नाणं मीच ठेवलं होतं.

ता. क. २ : फोनवरचा प्रश्नसुद्धा माझाच. मी शेजारी बसून नीलाला खुणा करत होतो. ती नको नको म्हणत होती.

ता. क. ३ : वन्सं, मी नीला. पाकीट आणायला हे उठलेत, तेवढ्यात लिहिते. दोन तास झाले, एवढं लिहिलंय, पण जो एक शब्द लिहायला हे बसले होते तो यात कुठेच नाही. मी दोनदा शोधला. तुमचं तिकीट काढलंय, खालचा बर्थ आहे.

ता. क. ४ : चुकलो, ताई. ये.