बाबांचे पाय असायचे तिथे

९ सप्टेंबर, मंगळवार
सोसायटीची नोटीस लागली. बंद गाड्या दसऱ्यापर्यंत हलवा. 'गाड्या' लिहिलंय, पण बंद गाडी एकच, बाबांची. दादाचा ठाण्याहून फोन. "भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. पितृपक्षात तोही हात लावत नाही, नाहीतर उद्याच गेली असती." त्याआधी चालू झाली तर? "दसऱ्याला चारला येतो. गेटपर्यंत चालवून दाखव, मग ठेव. आणि रडू नको रे."
रडत नव्हतो.

११ सप्टेंबर, गुरुवार
गॅरेजवाला पार्किंगमध्ये येऊन बघून गेला. इंजिन ठणठणीत, इंजिनचा कंप्यूटर गेलाय. नवीन मिळत नाही. दुसऱ्या गाडीचा जुना बसवला तर तो आपली किल्ली ओळखणार नाही.
म्हणजे हाच दुरुस्त करायचा. दुकानात रोज मोबाइलचे बोर्ड उघडतो, हाही बोर्डच. पण डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला आणि गाडीचा विषय तिसऱ्या वर्षाला होता.

१४ सप्टेंबर, रविवार
बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. काढली का, हे तीनदा जाऊन बघितलं. प्रत्येक प्लगचा फोटो, शिवाय वहीत चित्र. कंप्यूटरचा डबा पेडलच्या बाजूला, कार्पेटच्या मागे, अगदी खाली.
सीटखाली बाबांचं पिवळं फडकं सापडलं. चार घड्या तशाच. डांबरगोळीचा वास. देवगडला जाताना मी पुढे बसायचो, हातात आईने दिलेलं लिंबू. बाबा किल्ली अर्धी फिरवून थांबायचे. मागून पेट्रोलच्या पंपाची घूंऽऽ यायची. "ती होऊ दे. मग पुढे. घाई कसली?" गाडी बंद पडल्यापासून ती घूं येत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार
डबा ओट्यावर उघडला. आई : "चपात्ये काय तुझ्या डोक्यार लाटू?"
चार स्क्रू. आत एका कोपऱ्यात हिरवट बुरशीसारखं. पाणी गेलंय. गाडी शेडमध्ये असते, पाणी कुठून? त्याच कोपऱ्यात लालसर काहीतरी. गंज समजून कापसाने पुसलं. गंज नाही.
कुंकू.

१६ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी चहाच्या वेळी, सहज विचारल्यासारखं.
"आई, दसऱ्याला गाडीची पूजा करतेस, तेव्हा पाणी कुठे घालतेस?"
"खंय म्हणजे? ह्यांचे पाय असायचे थंय."
"किती?"
"पाय धुवूक लागता तितक्या. तांब्याभर. वर हळदकुंकू."
बाबा स्वतः बॉनेटवर दोन थेंब शिंपडायचे, बस. ते गेल्यावर दोन दसरे पूजा आईने केली. गाडी बंद पडली ती गेल्या दसऱ्यानंतर महिन्याभरात.
"कशाक इचारतंस?"
"असंच."

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री
चार रात्री दुकानातून आल्यावर बोर्ड ब्रशने धूत होतो. एक तांब्याची रेघ पूर्ण खाल्ली गेलेली. तिच्या जागी केसाएवढी वायर टाकून दोन्ही टोकांना सोल्डरचा डाग दिला. पहिला डाग कच्चा, पुन्हा दिला.
आज बसवला. किल्ली अर्धी फिरवली. घूंऽऽ.
लगेच पुढे फिरवली नाही. तशीच तीन-चार वेळा ऐकली. मग फिरवली आणि गाडी चालू झाली.
आई गच्चीवर कावळ्याला पान ठेवून कठड्यापाशी ताटकळत उभी होती. आवाज ऐकून वरून ओरडली, "शिवलो रे, कावळो शिवलो!" कावळा खरंच आला होता का, विचारलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
चेकनाक्यापर्यंत जाऊन आलो. सिग्नलला एकदा बंद पडली, परत लागली. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा जात नाही. डाग टिकेल, असं वाटतं. वाटतं, एवढंच.
कंप्यूटरचा डबा जागेवरून थोडा वर बांधला, पाणी पोचू नये म्हणून. वायरी पुरल्या तितकाच, चार बोटं.
आईला सांगायला हवं. वाक्य तयार करतो : "आई, यंदा पाणी बाहेर घालू." ती विचारणार, का? पुढचं वाक्य तयार होत नाही. तुझ्या पाण्यानेच बाबांची गाडी... हे नाही लिहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
सकाळी गाडी पुसली, पिवळ्या फडक्याने. झेंडूचा हार. आई तांब्या घेऊन खाली आली. मी गाडीच्या दारात आडवा उभा.
"आई, यंदा पाणी..."
"होय, यंदा तू घाल. चालू तू केलंस. माका आता वाकाक होणा नाय." तांब्या माझ्या हातात. काठोकाठ.
डब्यापासून लांब, दाराच्या कडेने, थोडंथोडं घालायला लागलो.
"पाय असे धुतत? नीट घाल."
नीट घातलं. पुरा तांब्या. आईने वाकून, वाकणं होत नसताना, तिन्ही पेडलना कुंकू लावलं आणि तोच हात कपाळाला लावला.
आता दोन वाजलेत. गाडीची चारही दारं उघडी, घरातला टेबलफॅन वायर लांबवून पेडलपाशी लावलाय. दादा चारला येणार.
किल्ली खिशात आहे. अजून फिरवलेली नाही.