हेलिकॉप्टरसाठी झाडलेलं अंगण

१७ ऑक्टोबर २०१३

पुढच्या आठवड्यात हेलिकॉप्टर आमच्या गावावरून फिरणार! अणुभट्टीच्या अपघातानंतर मातीत किती किरणोत्सर्ग उरलाय, ते वरून मोजणार. मग नकाशा. हिरव्यात आलेल्यांनी घरी परतायचं, लाल भागातल्यांनी नाही. या तात्पुरत्या खोलीत आता तिसरा हिवाळा येईल.

२१ ऑक्टोबर

दिवसापुरतं गावात जायला मिळालं. तोमिएने — ओढ्यापलीकडची शेजारीण, शाळेपासूनची मैत्रीण — आणि मी मास्क लावून, पांढरे झगे चढवून दोन्ही घरांची अंगणं झाडली. पायऱ्या पुसल्या. आमचे हे, सेइजी, गाडीला टेकून हसत होते.

"हेलिकॉप्टरला तुमच्या झाडूचं काय कौतुक! ते डोंगर, शेत, घर सगळं एकदमच मोजतं."

"मोजू दे की," तोमिए म्हणाली. "पाहुणा यायचा आणि अंगणात पाचोळा? भावोजी, गप्प उभे राहा. नाहीतर आणखी एक झाडू आहे!"

मला शाळेतल्या सिस्टर मोनिक आठवल्या. डेस्कच्या खणातही पसारा नको म्हणायच्या — देव वरून बघतो! तरी तोमिएच्या खणात भाजलेलं रताळं सापडायचंच.

अंगणातलं पर्सिमनचं झाड फळांनी केशरी झालंय. दरवर्षी शेंड्यावरचं एक फळ पाखरांसाठी ठेवायचो. आता तोडायलाच बंदी, म्हणजे सगळं झाड पाखरांचं. असू दे.

२४ ऑक्टोबर

आलं! खिंडीतल्या रस्त्यावरून पाहिलं. नांगर धरल्यासारखं — सरळ जायचं, वळायचं, शेजारून परत यायचं. आमच्या घरांवर आलं तशी तोमिए कमरेत वाकली. मीही. सेइजींनी गुपचूप टोपी काढली! पाहिलं मी.

मग गाडीत बसून भाताचे मुटके खाल्ले, लोणच्यासकट. किती दिवसांनी इतकं हसलो.

९ नोव्हेंबर

तोमिएने पडद्यांचं कापड आणलं. निळं, बारीक फुलांचं. दोन्ही घरांना एकाच ताग्यातलं. "ओढ्यावरून बघणाऱ्याला वाटेल, एकच घर आहे!" म्हणाली. दुपारभर शिवत बसलो.

१ डिसेंबर

अजून नकाशा नाही. पडदे मात्र झाले.

२० डिसेंबर

नकाशा आला. आमचं घर हिरव्यात. रेघ नेमकी ओढ्यावरून गेलीय; पलीकडे लाल.

तोमिएला लावायला फोन हातात घेतला. तेवढ्यात तिचाच आला.

"हारू, अंगण झाडून ठेव गं. आता पाहुणी मी."